चंद्रभागा भोजनालयाचा जंतू

सूक्ष्मजंतूला गावाचं नाव देण्याची पद्धत जुनी आहे. गावाला विचारून नाव देण्याची पद्धत अजून आलेली नाही.

लंडन, डब्लिन, हायडेलबर्ग, बरेली ही सगळी साल्मोनेला जंतूंची नावं आहेत. एखादा वाण ज्या गावात पहिल्यांदा सापडला, त्या गावाच्या नावानं तो जगाच्या यादीत जातो आणि तिथून सहसा परत येत नाही. साम्राज्यं बुडाली, रस्त्यांची नावं तीन-तीनदा बदलली, जंतू आपले जुन्याच नावानं नांदताहेत. आमच्या उंबरसोंडला या यादीत जायची संधी २०३९ साली आली. तालुक्याच्या अन्न प्रयोगशाळेत मी तेव्हा वरिष्ठ तंत्रज्ञ होतो. कनिष्ठ कोणी नव्हतं.

आधी वाण म्हणजे काय ते सांगतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे साल्मोनेला सारखेच दिसतात, लग्नातल्या वाढप्यांसारखे. फरक असतो तो अंगावरच्या पोशाखात. जंतूच्या कवचावर साखरेच्या साखळ्यांची झालर असते, ती घराण्याघराण्याची वेगळी. शिवाय पोहायला बारीक शेपट्या असतात, त्यांच्या प्रथिनाची घडण वेगळी. काही जंतू तर शेपट्यांचे दोन जोड बाळगतात, आज हा, उद्या तो. झालर कुठली आणि शेपट्या कुठल्या हे कळलं की वाण ठरला. शास्त्रात त्याला सेरोव्हार म्हणतात. माझ्या तरुणपणी असे अडीच हजारांवर वाण ठाऊक होते आणि ते ओळखायची रीत अशी की, सशाच्या रक्तातून काढलेलं अँटिसीरम थेंबभर काचपट्टीवर घ्यायचं, त्यात जंतू कालवायचे आणि पट्टी हलवत बसायचं. प्रत्येक अँटिसीरम एकाच झालरीला किंवा एकाच शेपटीला ओळखतं. ओळख पटली तर अर्ध्या मिनिटात थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो. नाही पटली तर गढूळच राहतो. मग पुढची कुपी. मी तेवीस वर्षं पट्ट्या हलवल्या. घरी चहाचा कपसुद्धा हलवूनच प्यायचो.

मग ओळखपेटी आली. मिक्सरएवढा डबा. वरून नमुना ओतायचा, आतलं यंत्र जंतूची जनुकं वाचतं आणि चाळीस मिनिटांत झालर कुठली, शेपट्या कुठल्या ते सांगतं. जंतू वाढवणं नाही, पट्टी हलवणं नाही. तीन वर्षांत जगभर पेट्या बसल्या आणि नवे वाण असे सापडायला लागले, की गावांची नावं पुरेनात. शेजारच्या वडाचीबारीनं तर आपल्या नावाच्या जंतूसाठी वेशीवर कमान उभारली. शेवटी जागतिक नामकरण मंडळानं नियम केला, की यापुढे नाव गावाचं नाही, नमुना जिथे घेतला त्या दाराचं. पेटीला दार समजतंच, ती उपग्रहाला विचारते.

त्या वर्षी मार्च महिन्यात नायब तहसीलदार कुंभोजकर निवृत्त झाले. निरोपाचं जेवण चंद्रभागा भोजनालयात झालं. पन्नास पानं उठली. दुसऱ्या दिवशी कुंभोजकरांसकट अकरा जण दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी मी पेटी काखोटीला मारून चंद्रभागा भोजनालयाच्या दारात.

चंद्रभागा म्हणजे माझी थोरली बहीण. अक्का. तिची अंडाकरी खायला तालुका कचेरीतली माणसं दुपारी बाराला घड्याळ न बघता उठतात. माझी बायको जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षिका असल्यामुळे आठवड्याचे पाच दिवस मीही दोन्ही वेळा तिथेच. बहिणीच्या स्वयंपाकघराची तपासणी भावानं करू नये हे मला कळत होतं. तशी हितसंबंधाची घोषणा मी रीतसर लिहिली. ती स्वीकारणारा अधिकारीही मीच असल्यामुळे ती मी स्वीकारली.

"जेवायला आलायस का तपासायला?" अक्का कांदा चिरत होती.

"तपासायला."

"मग पाणी देत न्हाई. हितलं पाणी बाधंल तुला."

मी मोरीच्या तोंडाशी बसलो, नळीनं पाणी ओढलं, पेटीत ओतलं. चाळीस मिनिटं ती कांदे चिरत राहिली आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. रडत होती ती कांद्यानं, एवढं मी समजून घेतलं. मग पेटी वाजली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: 'नवा वाण. अभिनंदन!'

"काय म्हणतंय?"

"अभिनंदन म्हणतंय."

"कुणाचं?"

"तुझं."

खाली बारीक अक्षरांत बाकीचं होतं. दवाखान्यातून आलेले अकरा नमुने मी वेळ वाचवायला एकत्र करून सकाळीच पेटीला दिले होते, वाण न विचारता, फक्त जुळणीसाठी. त्यांच्याशी या मोरीची जुळणी एकाहत्तर टक्के. सत्तरच्या वर गेलं की नियमाप्रमाणे गुन्हा सिद्ध. सुचवलेलं नाव: साल्मोनेला चंद्रभागाभोजनालय. हरकतीची मुदत पंधरा दिवस. हरकत आली नाही तर नाव कायम, आणि नाव कायम झालं की भोजनालय कायमचं बंद, कारण जंतूच्या उगमस्थानी स्वयंपाक करायला कायद्यानं मनाई आहे.

मी दाराला सील लावलं. लाख नीट बसेना. अक्कानं आतून मेणबत्ती आणून दिली.

"सरळ लाव," ती म्हणाली. "वाकडं दिसतंय."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी बिस्किटांवर आलो.

सील लावल्यावर चौथ्या दिवशी नगराध्यक्षा उज्ज्वलाताई बेडगे यांनी बोलावून घेतलं. चेहरा जरा उतरला होता. तीन दिवस अभ्यासदौऱ्यावर होत्या म्हणाल्या.

"गुरसाळे, त्या जंतूच्या नावात उंबरसोंड कुठं येणार नाही ना?"

"नियमाप्रमाणे दाराचंच नाव जातं. पण हरकत घेतली तर गावाचं नाव लावता येतं, जुन्या पद्धतीनं."

"तशी हरकत कुणी घ्यायची नाही. आपल्या चिंचेच्या भौगोलिक मानांकनाचा अर्ज दिल्लीत आहे. आज जंतू उंबरसोंडचा म्हटला, की उद्या चिंच कोण घेणार?"

"वडाचीबारीनं कमान बांधली, ताई."

"वडाचीबारीला चिंच नाही," त्या म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता.

पण तिथून निघताना माझ्या डोक्यात तीच हरकत घोळत होती. तंत्रज्ञ स्वतः हरकत घेऊ शकतो. 'चंद्रभागाभोजनालय' खोडून 'उंबरसोंड' लिहायचं, एवढंच. जंतू सगळ्या गावाच्या अंगावर पडला असता, म्हणजे कुणाच्याच अंगावर नाही. मी तडक अक्काच्या घरी गेलो. ती अंगणात डाळ पाखडत होती. मी योजना सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"गावानं काय केलंय? गावाच्या नावावर कशाला?"

"तुझं दार उघडेल, अक्का."

"आणि माणसं येतील? येतील ती कागदावर गावाचं नाव हाय म्हणून? त्या अकरा जणांना माझ्या हातनं झालं असंल तर माझंच नाव घाल. झालं नसंल तर कुणाचंच घालू नको. पण मला आधी एक सांग. पाणी कुठलं घेतलंस तू?"

"मोरीचं."

"मोरीत एकट्या माझ्या भाजीचं पाणी जातंय व्हय? भाताचं जातंय, अंड्याचं जातंय, आल्यागेल्याच्या हातापायाचं जातंय. तू वरण आणि ताक एका वाटीत कालवून चाखलंस, तर तिसराच पदार्थ सांगशील. वर अभिनंदन करशील."

 सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मला जे शिकवलं होतं, ते माझी बहीण सूप पुढ्यात ठेवून मला सांगत होती.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा, की आधी जंतू एकटा करायचा. नमुना बशीतल्या खाद्यावर रेघा ओढत पसरायचा, दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवतात, एकेक ठिपका म्हणजे एकाच जंतूची अख्खी वसाहत. त्यातला एक उचलायचा आणि मगच वाण बघायचा. सरसकट गाळ तपासायचा नाही. कारण गाळात दोन वाण असले तर एकाची झालर आणि दुसऱ्याच्या शेपट्या जोडून तुम्ही असा प्राणी जन्माला घालाल, जो देवानंही केला नाही. ओळखपेटीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'वसाहत वेगळी करण्याची कटकट नाही.' मी ती कटकट सोडून दिली होती. आनंदानं सोडून दिली होती.

फ्रीजमध्ये मोरीचं उरलेलं पाणी होतं, रुग्णांचे अकरा नमुनेही होते. मागच्या कप्प्यात अँटिसीरमच्या कुपीही होत्या, मुदत संपून तीन वर्षं झालेल्या. आधी ठाऊक असलेल्या वाणांवर घालून बघितल्या. थेंब पहिल्यासारखे फुटले. मुदत छापणाऱ्याला सशाच्या रक्ताची ताकद ठाऊक नसावी. बशा लावल्या. दुसऱ्या दिवशी मोरीच्या बशीवरचे वीस ठिपके उचलले आणि सकाळपासून दुपारपर्यंत पट्ट्या हलवल्या. मनगट दुखलं, पण मन लागलं.

तेरा ठिपके एका घराण्याचे निघाले: एंटेरिटिडिस, अंड्यावर राहणारा जुना, खानदानी जंतू. जगातल्या बहुतेक अंडी खाणाऱ्या गावांना तो माहीत आहे. उरलेले सात वेगळ्या झालरीचे, वेगळ्या शेपट्यांचे. पेटीनं एंटेरिटिडिसची झालर घेऊन तिला सातांच्या शेपट्या चिकटवल्या होत्या. नवा वाण असा काही नव्हताच.

मग अकराही रुग्ण वेगवेगळे तपासले. अकराही जणांच्या पोटात फक्त तो दुसरा. अंड्यावरचा एकाच्याही पोटात नाही.

आता हा दुसरा कोण? यादीत बघितलं, अगदी ओळखीचं नाव निघालं. साल्मोनेला पूना. हा सरपटणाऱ्या प्राण्यांवर जास्त आढळतो. अक्काच्या स्वयंपाकघरात सरपटणारं काही असेल तर तिच्या लाटण्यानं ते केव्हाच संपवलेलं असणार. म्हणून मी तलाठी बिरनाळ्यांकडे गेलो. ते त्या अकरांतले. खाटेवर बसून मऊ भात खात होते.

"बिरनाळे, त्या दिवशी काय काय खाल्लंत?"

"अंडाकरी, भाकरी, भात. दोनदा भात."

"त्याच्या आधी?"

"पेढा. कासवाचा."

"कासवाचा पेढा?"

"कासवाच्या पाया पडून मिळालेला पेढा ओ. साहेबांना निरोपाला कासव दिलं न्हवं आपण? काचेच्या भांड्यात, जिवंत, परदेशी जातीचं. घरात ठेवलं की स्थैर्य येतं म्हणतात. दुकानदारानं सांगितलं, पाठीवरनं उजवा हात फिरवायचा, कपाळाला लावायचा आणि लगेच पेढा खायचा. मग बढती थांबत न्हाई."

"हात धुतलेत?"

बिरनाळ्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "धुतला तर गुण जातोय की, साहेब. आणि पेढ्यानंतर जेवायचंसुद्धा त्याच हातानं."

"भांड्यातलं पाणी कुणी बदललं?"

"मीच. अक्कांच्या मोरीत ओतलं. अक्का ओरडल्या, जनावर जेवणघरात आणू नका म्हणून. पण निरोपाला कुणी ऐकतंय व्हय?"

पन्नास माणसांतल्या ज्यांना बढतीची आशा होती, तेवढीच आजारी पडली होती. निवृत्त झालेल्या कुंभोजकरांनाही आशा होती, हे मात्र मला नवीन कळलं. नगरपालिकेच्या पानावर समारंभाचे फोटो होते. कासवाच्या पाठीवर हात ठेवलेली माणसं मी मोजली. बारा. बारावा हात हिरव्या बांगड्यांचा होता.

"अभ्यासदौरा कसा झाला, ताई?" मी फोटो पुढे ठेवला.

उज्ज्वलाताईंनी तो उलटा करून ठेवला. "पुढच्या वर्षी आमदारकी आहे," त्या म्हणाल्या. "आणि दौरा कुठला, गुरसाळे. माहेरी पडून होते. ओआरएस पीत होते. हा फोटो अहवालात येणार?"

"फोटो नाही. बारावा रुग्ण येईल. नावाशिवाय."

"आणि कासव?"

"ते येणारच."

"कासव येऊ दे," त्या म्हणाल्या. "कासवाला मत नाही."

अहवाल लिहायला बसलो तेव्हा खरी अडचण कळली. पेटीनं चूक केली असं लिहिता येत नव्हतं. पेटीनं तिला जे पाजलं तेच वाचलं होतं. 'नमुन्यातील वसाहती वेगळ्या न करता तपासणी करण्यात आली, रुग्णांचे नमुने एकत्र करण्यात आले, दोन्ही चुका निम्नस्वाक्षरीकाराच्या,' असं मी लिहिलं आणि खाली स्वाक्षरी केली. सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला. सव्वीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकाकडे कुणी पाहिलं होतं, याचा हा पहिला पुरावा.

नामकरण मंडळालाही कळवलं, की नाव मागे घ्या, आणि गेल्या तीन वर्षांतल्या नव्या वाणांतले किती असे जोडलेले आहेत तेही एकदा बघा. पहिल्या मागणीला तीन दिवसांत होकार आला. दुसरीला 'आपले पत्र मिळाले' असं उत्तर आलं. वडाचीबारीची कमान उभी आहे.

सील काढायला गेलो तर अक्का दारातच खुर्ची टाकून बसलेली. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांच्या पोटात गेला तो कासवाचा."

"हो. साल्मोनेला पूना."

"पुण्याचा?"

"नाव पुण्याचं."

"तरीच," अक्का म्हणाली. "आणि माझा कुठला म्हणालास?"

इथे मी अडखळलो. कारण दुसरा नियम असा आहे, की भोजनालयात सापडलेल्या जंतूची पाटी दाराबाहेर लावायची. गावातल्या बाकी सगळ्या हॉटेलांच्या पाट्यांवर 'जंतू आढळले नाहीत' असंच आहे, कारण तपासणीच्या आदल्या दिवशी सगळे मोरीत बाटली-बाटली फिनेल ओततात. अक्काला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण मी तपासणारा.

"तुझा अंड्यावरचा आहे. टरफलाला असतो. तू अंडी धुतेस, तेव्हा मोरीत येतो. आजारी कुणी पडलेलं नाही त्यानं. मोरी आज पुन्हा तपासली तर कदाचित मिळणारही नाही. म्हणजे पाटीवर लिहिलंच पाहिजे असं..."

"शिजवल्यावर राहतोय?"

"तुझ्यासारखं शिजवल्यावर नाही."

"मग लिही."

"अक्का, लोक वाचतील."

"वाचू देत की. पंधरा दिवस माझ्या दाराला लाख बघितली त्यांनी. आता अक्षर बघू देत."

मी पाटी लिहिली: 'या स्वयंपाकघरात आढळलेला जंतू: साल्मोनेला एंटेरिटिडिस.' तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'अंडी वीस मिनिटं उकळतो. मग राहत नाही. चंद्रभागा.' पाटी लावली. चूल पेटली. बारा वाजले. साडेबारा वाजले. कचेरीतली माणसं समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहिली, पाटी वाचू लागली, मोठ्यानं वाचू लागली, आणि तिथेच थांबली. बिरनाळे सगळ्यात पुढे. आत कुणीच येईना.

अक्कानं एक टेबल उचललं, दाराच्या मधोमध, पाटीच्या बरोबर खाली आणून ठेवलं.

"सदा, बस."

"इथं?"

"सगळ्यांना दिसंल असा बस. सील तू लावलंस, सगळ्यांनी बघितलं. आता जेवताना बघू देत. हात धुऊन घे. साबणानं."

मी साबणानं हात धुतले, तेही सगळ्यांनी बघितलं. अंडाकरी आली, भाकरी आली. पंधरा दिवसांच्या बिस्किटांनंतर पहिला घास तोंडात गेला तेव्हा शास्त्र, अहवाल आणि सेवापुस्तक या तिन्ही गोष्टी मला काही वेळ आठवल्या नाहीत. चार अंडी खाल्ली. रस्सा ओरपला. फुटपाथवर कुणीतरी आवंढा गिळला.

"साहेब," बिरनाळ्यांनी तिथूनच विचारलं, "हे बाधायचं असंल तर किती वेळात बाधतंय?"

मी सरकारी माणूस. खोटं सांगता येईना. "सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत."

"असं," बिरनाळे म्हणाले. सगळे पांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दारात नऊ माणसं उभी होती. कामासाठी कुणीच नव्हतं.

"पोट कसं आहे, साहेब?"

"उत्तम."

माना हलल्या. माणसं गेली. दुपारी मी पुन्हा त्याच टेबलावर, त्याच पाटीखाली जेवलो. तिसऱ्या दिवशी पंधरा माणसं आली, त्यांत उज्ज्वलाताईंचा चालक होता. त्यानं माझा फोटो काढला, जीभसुद्धा बघितली. एकानं सुचवलं, की साहेबांनी रोज नवं खाल्लं तर तीन दिवस मोजायचे कुठून? यावर दारात बरीच चर्चा झाली आणि पहिल्याच जेवणापासून मोजायचं असं ठरलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दीडला मी भोजनालयात पोचलो. सगळी टेबलं भरलेली. दाराच्या मधोमध ठेवलेलं माझं टेबलसुद्धा. त्यावर बिरनाळे बसले होते, पाटीखाली, दोन अंडी पुढ्यात घेऊन, आणि नळापाशी हात धुणाऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

"अक्का, मी कुठं बसू?"

अक्का कढईवरून वळलीसुद्धा नाही.

"तुझं काम झालं, सदा," ती म्हणाली. "रांगेत ये."